शेवट कुणी पाहिला?

“...पोराबाळांक बरी बुद्धी दी, लिवणाऱ्याच्या हातात बळ दी, वाकडी वाट आसात ती सरळ कर गे माये सातेरी!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि पंच आज जा काय सांगतीत, ता तूच सांगलंस म्हणान आमी सगळे मानून घेतलाव गे माये!”

“व्हय म्हाराजा!”

ह्या दुसऱ्या ‘व्हय’मध्ये सगळ्यात मोठा आवाज नंदकुमारचा होता. आता गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणताना आपण कशाला ‘व्हय’ म्हणतोय हे ऐकतं कोण? नंदकुमारचा एक हात शबनम पिशवीत कात्रणं चाचपत होता आणि डोळे घड्याळावर होते. गाऱ्हाणं घालायचे आबा, पण त्यात आवाज तेवढा आबांचा. सत्तरी ओलांडल्यापासून त्यांना मधल्या ओळी आठवत नसत, म्हणून आई त्यांच्या खांद्यामागे बसून एकेक ओळ पुटपुटायची, आणि आबा ती दशावतारात कमावलेल्या गळ्यानं देवीपर्यंत पोचवायचे. पंचांची ती ओळ गेल्या वर्षीपर्यंत गाऱ्हाण्यात नव्हती. पण हे ध्यानात यायला कान उघडे लागतात. पेंडुरकरांच्या पुरुषांची तोंडं जेवढी उघडी, तेवढे कान कधीच नव्हते. बोलूनचालून नाटकवाले!

मे महिन्यातला पहिला रविवार म्हणजे गोरेगावच्या ह्या दोन खोल्यांत धोट्याचा दिवस. काशीराम पेंडुरकरांनी, म्हणजे आबांनी, उभा जन्म परळच्या गिरणीत माग चालवला. निवृत्त होताना त्यांनी घरी आणला तो मागावर आडवा धागा नेणारा हा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना पितळ बसवलेला. घरातल्यांनी एकेक छोटं नाटक लिहायचं, नाव न घालता आईच्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, आणि ज्याचं नाटक पहिलं येईल त्याच्याकडे वर्षभर धोटा. शिवाय गणपतीत पाचव्या दिवशी अख्ख्या कॉलनीसमोर त्याच्या नाटकाचा प्रयोग. नट कोण घ्यायचे तेही त्यानंच ठरवायचं, आणि त्यानं सांगितलेलं काम कुणी नाकारायचं नाही.

डबा आईचा, धोटा आबांचा, पण नियम मात्र थेट अमेरिकेचे. थोरला नंदकुमार एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात होता, आणि तिथे त्याला पुलित्झर पारितोषिकाचा इतिहास सापडला होता. तेव्हापासून त्याला आणि घराला चैन नव्हती. तिकडे पंच शिफारस करतात आणि वरचं मंडळ निकाल देतं, म्हणून इकडेही पंच आणि मंडळ. तिकडे पहिल्या वर्षी, एकोणीसशे सतरा साली, एकही नाटक लायक ठरलं नाही, म्हणून इकडेही पहिल्या वर्षी धोटा कुणालाच नाही.

“अरे, तिकडे लायक नव्हतं,” धाकटा बाळा अजून म्हणायचा, “इकडे माझं होतं ना!”

बाळा फिल्मसिटीत सेट उभारायचा. पुढे त्यानं तीनदा धोटा मारला. अमेरिकेत एकाच नाटककाराला चार वेळा पारितोषिक मिळालंय, हे नंदकुमारनं एकदा सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून बाळाला चौथा धोटा हवा होता.

यंदा डब्यातून तीन नाटकं निघाली. मधली बहीण कुंदा घाटकोपरच्या शाळेत शिकवायची. अक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून सगळी नाटकं तीच आपल्या हातानं उतरवून काढायची आणि तीच वाचायची. त्यामुळे कुणी काय लिहिलंय हे फक्त तिला ठाऊक असायचं, आणि आजवर तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. बाकी बाबतीत तिचं तोंड म्हणजे टकळी.

तिसरं नाटक वाचायला घेतलं तेव्हा वसुधा स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होती.

वसुधा म्हणजे बाळाची बायको, मुलुंडची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची. आठ वर्षांत ह्या घरात तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. पण ‘तुझं काय म्हणणं?’ असंही कुणी विचारलं नव्हतं. तिसरं नाटक तिचं होतं. मार्चमध्ये गच्चीवर कुरडया राखायला बसली असताना तिनं ते लिहिलं होतं.

मधल्या दाराचा पडदा ओढलेला होता. पलीकडून कुंदाचा खणखणीत आवाज येत होता. वसुधाचा जीव नुसता कानात गोळा झाला होता.

“‘पडद्याआड,’” कुंदानं वाचलं. “‘एक स्वयंपाकघर. तीन बायका. बाहेरच्या खोलीत पुरुषांचं नाटक चाललंय. बायकांना ते ऐकू येतं, दिसत नाही.’”

पहिल्या पानाला कुणी हसलं नाही. वसुधाचा वडा करपला. दुसऱ्या पानावर मार्तंडमामा फिस्सकन हसले आणि तिच्या जिवात जीव आला. मार्तंडमामा म्हणजे आईचा भाऊ, मानखुर्दचा. बाळाच्या नाटकाला ते कर्तव्य म्हणून हसले होते आणि नंदकुमारच्या ‘शून्याचा जबाब’ला रीतसर झोपले होते. हे हसू तसं नव्हतं.

नाटक साधंच होतं. बाहेरचं नाटक शेवटाला आलं की कुणीतरी ओरडतं, “चहा टाका गं!” आणि स्टोव्हच्या आवाजात बायकांना शेवट कधी ऐकूच येत नाही. मग त्या आपापला शेवट तयार करतात. एक नायकाला मारून टाकते, दुसरी त्याचं लग्न लावून देते, तिसरी त्याला रॉकेलच्या रांगेत उभा करते. इतक्यात बाहेरून सगळे एका सुरात ओरडतात, “आमी!” आता हे कशाला ‘आमी’ म्हणाले? तिघी डोकं खाजवतात. शेवटी म्हातारी सांगते, “दुसरां काय आसतला? चाय कोण घेतलो, म्हणान इचारल्यानी आसतला.”

मार्तंडमामा आता खोकायला लागले होते. कुंदालाही वाचताना हसू आवरेना. आणि नेमक्या शेवटच्या पानावर नंदकुमार, सवयीनं, जागचा न हलता, पडद्याकडे तोंड करून म्हणाला, “चहा टाका गं!”

वसुधानं कपाळावर हात मारला. वडे होता होताच सिलिंडर संपला होता, नवीन यायचा होता, त्यामुळे पंपाचा स्टोव्ह. तिनं पंप मारला, स्टोव्ह ढणढणला, आणि तिच्याच नाटकाचा शेवट तिला ऐकू आला नाही. लोक हसले, की गप्प बसले, की उठून गेले? तिला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही.

शेजारी शुभा, नंदकुमारची बायको, कप मांडायला आली होती. पंच म्हणून यंदा ती पहिल्यांदाच बाहेर बसली होती, तरी ‘चहा टाका’ म्हटल्यावर तिचे पाय आपोआप आत आले होते. तिनं वसुधाकडे नीट बघितलं.

“वसू, तू?”

 वसुधानं नाक पुसलं आणि ती साखर मोजायला लागली.

“बरं झालं बाई,” शुभा हळूच म्हणाली. “मला वाटलं, मी एकटीच वेडी.”

चहा झाला. पंच, म्हणजे कुंदा, शुभा आणि मार्तंडमामा, गॅलरीत गेले आणि वडा संपायच्या आत परत आले. एकमतानं ‘पडद्याआड’.

“बोला, मंडळ!” मार्तंडमामा म्हणाले. “द्या धोटा, मला माझी बस धरायचीय.”

मंडळ म्हणजे आबा, नंदकुमार आणि बाळा. तिघे जिन्यात गेले. घरात भिंतीला कान असतात म्हणून मंडळाची बैठक नेहमी जिन्यात.

“हे नाटक नाही,” नंदकुमार म्हणाला. “ही चहाडी आहे. घरातली लक्तरं वेशीवर टांगायची, ती पण गणपतीत, कॉलनीसमोर? कॉलनीचे सेक्रेटरी कानविंदे काय म्हणतील? मूळ अटीत काय लिहिलंय, ठाऊक आहे? नीतिमत्ता, अभिरुची आणि शिष्टाचार यांचा दर्जा वाढवणारं नाटक. ह्यात कुठाय शिष्टाचार?”

“आणि लिहिलंय कुणी?” बाळानं विचारलं.

“मला काय विचारतोस? तूच असशील. माझी टर उडवायला तुला फार आवडतं.”

“मी? माझं ‘भाडेकरू पळाला’ आहे ना! मला वाटलं, तूच आडून लिहिलंस. दोन-दोन टाकलीस.”

“म्हणजे मग कुंदी.”

“कुंदीच. वाचताना किती हसत होती बघितलंस ना? स्वतःच लिहायचं, स्वतःच पंच!”

दोघं भाऊ गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते. बहिणीवर संशय आल्याबरोबर त्यांचं लगेच जमलं.

“मग माझं मत असं,” नंदकुमार म्हणाला, “की यंदा धोटा कुणालाच देऊ नये. काहीच गैर नाही त्यात. तिकडे साठच्या दशकात चार वेळा दिलं नाही. आणि आत्ता, गेल्या महिन्यात, पंचांनी एक नाटक सुचवलं होतं, मंडळानं फेटाळलं. ह्या वर्षी, शहाऐंशी साली, अमेरिकेत नाटकाचं पुलित्झर नाही! कात्रण आहे माझ्याकडे.”

बाळानं विचार केला. आपल्याला नाही तर कुणालाच नाही, म्हणजे चौथा धोटा पुढच्या वर्षी मोकळा. त्यानं हात वर केला. नंदकुमारनं केला. आबांनी केला नाही. ते कठड्याला धरून खाली बघत उभे होते.

“आबा?”

“माका इचारू नको,” आबा म्हणाले. “मिया इचार करतंय.”

“दोन विरुद्ध शून्य,” नंदकुमार म्हणाला आणि आत वळला.

बाळा मागे राहिला. त्याच्या डोक्यात मघापासून एक वाक्य किडीसारखं वळवळत होतं. नाटकातली धाकटी सून म्हणते, “आमचे हे म्हणतात, थांब गं, शेवट मी तुला नंतर सांगतो. आणि घरी गेल्यावर घोरतात.” लोक तिथे हसले होते, तोही हसला होता. पण ‘थांब गं, शेवट मी तुला नंतर सांगतो’ हे कुंदाला कसं माहीत? ते तर त्यानं...

“आयला,” बाळा जिन्यात एकटाच म्हणाला. “वाट लागली.”

प्रत्येक गणपतीत त्यानं वसुधाला हे सांगितलं होतं. प्रत्येक गणपतीत तो झोपला होता. तिनं एकदाही परत विचारलं नाही, म्हणून त्याला वाटलं, तिला काही पडलेली नाही. त्याला स्वतःचा फार राग आला, आणि त्या रागातच त्याला हेही कळलं की आपण आत्ताच तिच्याविरुद्ध हात वर केलाय.

आत नंदकुमारनं निकाल सांगितला होता आणि कुंदानं पदर खोचला होता.

“शिष्टाचार? दादा, ती शिष्टाचाराची अट त्यांनी स्वतःच नंतर काढून टाकली. हे तूच सांगितलंस आम्हाला, दिवाळीत, चकल्या खाताना.”

“ते वेगळं...”

“काय वेगळं? बरं, ते त्रेसष्ट सालचं सांग ना. पंचांनी सुचवलेलं नाटक मंडळानं फेटाळलं होतं ना तेव्हा?”

इतिहास विचारला की नंदकुमारला स्वतःला आवरता येत नसे. “हो, फेटाळलं! फार गाजलं ते प्रकरण. नाटक तिकडे धो धो चालत होतं, पण मंडळातल्या काहींना ते पसंत नव्हतं.”

“मग पंचांनी काय केलं?”

नंदकुमारला आता कळलं आपण कुठे येऊन उभे राहिलोय ते. पण खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं.

“राजीनामे दिले,” तो पुटपुटला. “दोघांनी.”

“इथे तिघं आहेत,” कुंदा म्हणाली. “हा माझा राजीनामा. पुढच्या वर्षी नाटकं तुझी तू उतरवून काढ.”

“आणि हा माझा,” शुभा म्हणाली.

नंदकुमारनं बायकोकडे असं बघितलं, जसं काही कपाटच बोललं. “शुभा, अगं तू सुद्धा?”

“हो, मी सुद्धा. अहो, तुमच्या सगळ्या नाटकांत मी टाळ्या वाजवल्या. एकाचाही शेवट बघितलेला नाही. तुम्हाला कधी कळलं?”

“मी पण देतो,” मार्तंडमामा म्हणाले. “राजीनामा हो. बस गेली तर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जागा राहिलो, आणि त्यालाच बक्षीस नाही?”

नंदकुमार दोन्ही हात वर करून म्हणाला, “ठीक आहे! पण निदान समोर तरी या ना! लिहायचं आडून आणि... कुंदे, सांग, तूच ना?”

“नाव सांगायचं नाही हा तुझाच नियम.”

पडद्याआड वसुधा उभी होती. तिला वाटलं, गप्प बसावं. अजून कुणाला कळलं नाहीये. रात्रीपर्यंत विषय मिटेल, उद्या एक्स्चेंज, परवा गावी जायची बांधाबांध. नाटक पुन्हा डब्यात जाईल आणि डब्यात तांदूळ भरले जातील. हे तांदूळ मनात आले आणि तिला सहन होईना. तिनं पडदा बाजूला सारला.

“कुंदाताईंना बोलू नका, भाऊजी. मी लिहिलंय.”

 नंदकुमारचं तोंड उघडं ते उघडंच.

“वसुधा? तू लिहितेस?”

“लिहिलं खरं,” ती म्हणाली.  “चहाडी करायला नाही लिहिलं. तुमची नाटकं मला आवडतात, भाऊजी. खरंच आवडतात. म्हणून तर राग येतो. इतकं ऐकायचं आणि शेवटाला स्टोव्ह. आज माझ्या स्वतःच्या नाटकाचा शेवट मला ऐकू आला नाही. तुम्ही चहा मागितलात.”

नंदकुमार खाली बसला. त्याला बायकोचा राजीनामा लागला नव्हता इतकं हे शेवटचं वाक्य लागलं. माणूस अडेल होता पण दुष्ट नव्हता, आणि कुणाचा शेवट बुडवणं हे त्याच्या लेखी मोठं पाप होतं. तरी हट्ट तो हट्ट.

“मला वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “पण नियम तो नियम. मंडळाचा निर्णय झाला. दोन विरुद्ध...”

“माझं मत मी मागे घेतो,” दारातून बाळा म्हणाला.

“असं मागे घेता येत नाही. अमेरिकेत...”

“नंदू,” आई म्हणाली.

ती इतका वेळ देवापाशी बसून नारळाच्या शेंड्या काढत होती. सुलक्षणाबाई कधी आवाज चढवत नसत. पण त्यांनी ‘नंदू’ म्हटलं की पन्नाशीला आलेला नंदकुमार अजून उभा राहायचा. तो उभा राहिला.

“सकाळी देवीक व्हय म्हटलंस मा?”

“हो, म्हणजे... गाऱ्हाण्याला म्हणतातच ना!”

“कित्याक म्हटलंस?”

“कित्याक म्हणजे?”

“पंच जा काय सांगतीत, ता मानून घेतलाव. असां गाऱ्हाणा घातला. तू सगळ्यांपेक्षा मोठ्यान व्हय म्हटलंस. ह्यो बघ नारळ, अजून देवीसमोर आसा. आता सांग, तुझ्या अमेरिकेत गाऱ्हाणा घालतत?”

“नाही गं, आई.”

“मगे थय मंडळ चलत आसात. हय चलाचा नाय.”

मार्तंडमामांनी मांडीवर थाप मारली. कुंदा ओरडली, “आई, झकास!” नंदकुमार आबांकडे वळला. “आबा, ही ओळ गाऱ्हाण्यात कधी आली?”

“माका काय ठावक?” आबा म्हणाले. “ही सांगता ता मी म्हणतंय.”

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई शेंड्या गोळा करत होती.

“गच्चीर कुरडये कावळ्यांनी खाल्ल्यानी,” ती म्हणाली, “नि राखणदारणीक पत्तो नाय. डोक्या खाली घालून लिवता हा. मी म्हटलंय, ह्या चेडवान कायतरी खरां लिवल्यान. मगे देवीक सांगून ठेवक नको?”

वसुधा सासूच्या पायाशी बसली आणि रडली. आठ वर्षांतलं सगळं एकदम बाहेर आलं. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्या हाताला नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या होत्या.

नंदकुमारनं शोकेसमधून धोटा काढला, शर्टाच्या बाहीनं पितळ पुसलं आणि वसुधासमोर धरला. “घे. अमेरिकेला मी पत्र लिहून कळवीन,” तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू आलं.

आबा मात्र हसत नव्हते. ते खुर्चीच्या कडेला बसून आईकडे बघत होते.

“सुलक्षणे,” ते म्हणाले, “माझां ‘नारदाची पेन्शन’. त्येचो शेवट तुका ठावक नाय?”

आबांचं हे नाटक म्हणजे घरातलं पहिलं धोटा मिळालेलं नाटक. नारद पेन्शनच्या ऑफिसात येतो आणि कारकून त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो. कॉलनीतली पोरंटोरं अजून त्याची वाक्यं बोलत.

“नाय,” आई म्हणाली.

“पाचदा केलंय मी ता!”

“पाचदा चाय केलंय मी.”

“आणि गावाक? दशावतारात? मी लक्ष्मी व्हयत होतंय तेवा?”

“पाटे सपायचो तुमचो खेळ. माका पाण्याक जावचा आसायचा.” आईनं हाताच्या शेंड्या झटकल्या. “नारदाच्या शेवटाक लोक आमी आमी म्हणान बोंबलतत, ता आयकलंय. कित्याक बोंबलतत, ता कोणी सांगूक नाय.”

वसुधाच्या नाटकात हसलेल्या सगळ्यांना आता हसू येईना. आबा उठले. धोतराचा सोगा खांद्यावर टाकला, वसुधाच्या हातातला धोटा मागून घेतला आणि तो चिपळीसारखा धरला.

“बस थय खुर्चीर,” त्यांनी बायकोला सांगितलं. “कोणी उठाचा नाय आता. बायकांपैकी कोणी उठाचा नाय.”

“आबा, पण दुसरा चहा?” मार्तंडमामा म्हणाले. “प्रयोग आहे म्हटल्यावर चहा...”

वसुधानं डोळे पुसले. धोटा आबांच्या हातात असला तरी यंदा तो तिचा होता, आणि धोटेवाल्यानं सांगितलेलं काम नाकारायचं नाही हा नियम होता. तिनं घसा साफ केला.

“भाऊजी, चहा तुम्ही टाका. आणि अहो, तुम्ही पंप मारा. स्टोव्ह बारीक ठेवा, आवाज होतो.”

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघत आत गेले. पडदा पडला.

मग आबांनी शेवटचा प्रवेश केला. सगळ्या खिडक्यांवरून नारदाला हाकलून दिलंय. कारकून म्हणतो, तू जिवंत आहेस असं सांगणारं माणूस आण. स्वर्गात हाका मारून झाल्या, कुणी ओ देत नाही. पाठीत वाकलेले आबा खोलीभर फिरले, धोटा वाजवला, आणि बघता बघता म्हातारा गिरणीवाला आणि नारद एकच झाले. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. “बाळ्या, साखर कुठाय रे?” “मला काय माहीत, चहापूड कुठाय?” मग जळका वास आला.

“दूध उतू जातंय,” शुभा अर्धवट उठली.

“जांवदे,” आई म्हणाली. तिचे डोळे आबांवरून हलले नव्हते.

आबा थांबले ते नेमके आईसमोर. एरवी ते इथे प्रेक्षकांकडे वळायचे. आज वळले नाहीत.

“मी जितो आसंय,” त्यांनी विचारलं, आणि आवाज नारदाचा राहिला नाही, “ह्या सांगणारा हय कोण आसा?”

‘आमी!’ हे उत्तर कुंदाला पाठ होतं, मार्तंडमामांना पाठ होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही.

“मी आसंय,” आई म्हणाली.

वसुधा ह्या वेळी बघत होती.

पडदा हलला. कपाळाला काजळी, शर्टावर दुधाचे डाग, हातात ट्रे घेतलेला नंदकुमार बाहेर आला आणि सगळ्यांचे भिजलेले चेहरे बघून दारातच थबकला. मागून बाळा डोकावला.

“झालं? संपलं?” नंदकुमारनं विचारलं. “अरे, सांगा ना! आज काय वेगळं केलं आबांनी? शेवट काय झाला?”

वसुधानं ट्रेमधला एक कप उचलला, घोट घेतला. साखर नव्हतीच.

“थांबा हं, भाऊजी,” ती म्हणाली. “शेवट मी तुम्हाला नंतर सांगते.”